अकरा पावलांवरचं दूध

कारांगपेदुत
९ जानेवारी

बुलिक,

पाकीट फोडलंत म्हणजे अर्धं काम झालं. फोन केला की माझा आवाज ऐकून तुम्ही तो प्रानोतोच्या हातात देता, आणि तो बिचारा "आई मळ्यात गेलीय" म्हणतो. मागे तुमचा खोकला मला स्वच्छ ऐकू येत असतो. मावशीने सख्ख्या भाचीसाठी स्वतःच्या मुलाला किती खोटं बोलायला लावायचं? म्हणून आता कागद घेतला. कागद चुलीत घालता येतो, पण वाचल्याशिवाय तुम्ही काही जाळत नाही, एवढी मी तुम्हाला ओळखते.

सरळ मुद्द्यावर येते. तुम्ही दुधात पाणी घातलं नव्हतं. हे मी आता पुराव्यानिशी सांगू शकते.

गेल्या मंगळवारी संकलन केंद्रावर दूध तपासायच्या यंत्राची केबल निसटली. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. यंत्र गप्प झालं, पण कॉम्प्युटरवरची माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम, नोंदी करतच राहिली. एकोणीस जणांना एकच फॅट आणि दुधाच्या दाटपणाची एकच डिग्री, अगदी दशांशापर्यंत. पावत्या हातात पडल्यावर सातिनाम म्हणाली, "काय गं पालुपी, आज आम्हा सगळ्यांची गाय एकच का?" त्यावर म्हातारे म्बाह क्रोमो म्हणाले, "एकच असली तर चारा मी घालणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो." सगळे हसले, मीही हसले. हसता हसता माझी नजर पावत्यांवरच्या आकड्यांवर अडकली.

मी तशीच बसून गेल्या मे-जूनच्या नोंदी काढल्या. तुमच्या नावापुढे 'पाणी आढळले' असा शिक्का पडला ते तीन दिवस. तिन्ही दिवशी लायनीत तुमच्या पुढे लिक वागियो उभा. पहिल्या दिवशी त्याची डिग्री २१.३७, तुमची २१.३७. त्याची फॅट ३.०४, तुमची ३.०४. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. दोन घरच्या गायी ठरवून असं दूध देत नाहीत. ते आकडे तुमच्या दुधाचे नव्हतेच बुलिक. वागियोचे आकडे तुमच्या नावावर चढले.

सहकारी संस्थेने तुम्हाला काढलं ते त्या तीन ओळींवर. आणि त्या ओळी लिहिणारी स्क्रिप्ट माझी. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं.

पालुपी


कारांगपेदुत
१७ जानेवारी

बुलिक,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चालले नव्हते, तरी पोस्टमनच्या गाडीचा आवाज आला की बाहेर जाते.

तुम्ही विचाराल, यंत्र गप्प बसलं तर आकडे आले कुठून? तर ऐका. यंत्राकडून मला एका वेळी चार गोष्टी हव्या होत्या: फॅट, डिग्री, पाणी आणि दुधाचं तापमान. स्क्रिप्टमध्ये असं एकेक काम करायला एकेक फंक्शन असतं, आपण त्याला गडी म्हणू. हा गडी परत येताना हातात एकच गोष्ट आणू शकतो. मग चार गोष्टी आणायच्या तर काय करायचं? जाताना आपलाच डबा त्याच्याकडे द्यायचा. तो डबा भरतो आणि तोंडाने फक्त एवढंच सांगतो, 'भरला' किंवा 'नाही भरला'.

लेबारानच्या, म्हणजे ईदच्या आधी तुम्ही मला चार खणांचा डबा देऊन म्बाह क्रोमोंकडे पाठवायचात, आणि म्बाहची बायको तो रिकामा न ठेवता त्यात आपल्याकडचं काहीतरी भरून द्यायची. तसंच हे. कधी ती दोघं घरी नसली की मी लांबूनच ओरडायचे, "नव्हते कुणी." तुम्ही ते ऐकायचात, म्हणून झाकण उघडून बघायच्या भानगडीत पडायचा नाहीत. मी मात्र माझा गडी काय ओरडतोय तिकडे कानच दिला नाही. ती एक चूक. दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. मी डबा रोज सकाळी एकदाच घासत होते. प्रत्येक माणसाच्या आधी घासायला हवा होता. तुमच्या वेळेला गडी 'नाही भरला' म्हणत रिकाम्या हाताने आला, मी झाकण उघडलं, आत वागियोचं शिल्लक होतं, ते मी तुमच्या पानात वाढलं.

पण मग तुमच्याच वेळेला 'नाही भरला' का? याचा शोध घ्यायला मला दोन दिवस लागले, आणि कळलं तेव्हा टेबलावर डोकं टेकून बसले.

बाकीचे लोक पहाटे दूध काढतात, कॅन लायनीत ठेवतात, गप्पा मारत बसतात. तुम्ही नंबर धरायला लायनीत फक्त तुमची वीट ठेवायचात. केंद्राच्या मागेच तुमचा गोठा, मी काल मोजली, अकरा पावलं. वागियोचा नंबर लागला की तुम्ही शेवटच्या गाईखालून उठून फेसाची बादली घेऊन यायचात. सगळ्या डोंगरात एवढं ताजं दूध कुणी आणत नव्हतं. आणि यंत्र पस्तीस डिग्री तापमानाच्या वरचं दूध घेत नाही. 'थंड करून आणा' असा निरोप देतं आणि गप्प बसतं. तो निरोप माझ्याकडे रोज येत होता. म्हणजे कितीतरी महिने तुमच्या नावावर वागियोचंच दूध लागत होतं. तो नीट वागला त्या दिवशी कुणाला काही कळलं नाही, आणि त्याने पाणी घातलं त्या तीन दिवशी तुम्ही पकडल्या गेलात.

आता कामाचं. संस्थेच्या नियमाप्रमाणे काढलेल्या सभासदाचं प्रकरण पुन्हा उघडायचं तर त्याने स्वतः अर्ज करावा लागतो. अर्ज मी लिहून सोबत पाठवतेय. खाली फुली केली आहे तिथे सही करा आणि तिकीट लावलेल्या पाकिटात घाला. वार्षिक सभा २२ फेब्रुवारीला आहे. त्याआधी अर्ज पोचला नाही तर विषय वर्षभर लांबतो. एकदा वर्षभर लांबला की लोक म्हणतील, जाऊ दे, जुनी गोष्ट आहे.

मी 'जाऊ दे' म्हणणार नाही.

पालुपी


कारांगपेदुत
२ फेब्रुवारी

बुलिक,

अर्ज आला नाही. ठीक आहे. तुम्ही कशाला अर्ज कराल? ज्यांनी तुम्हाला भर सभेत उभं केलं त्यांच्यापुढे पुन्हा हात जोडायचे? तुमच्या जागी मी असते तर अर्जाचे तुकडे करून पाठवले असते.

मी दुसरी वाट काढली. संस्थेच्या कर्मचाऱ्याविरुद्ध कोणताही सभासद तक्रार करू शकतो, आणि ती सभेपुढे ठेवावीच लागते. म्हणून मी माझ्याविरुद्धची तक्रार लिहून काढली आणि आईपुढे ठेवली. आईने चष्मा लावून सगळी वाचली.

"म्हणजे माझ्या बहिणीला तू घालवलंस, आणि आता तुझ्यावर तक्रार मी करायची?"

"हो."

"तुझी नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली."

"आण ते पेन," ती म्हणाली, आणि अशी दाबून सही केली की खालच्या कागदावर उमटली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, पण ताटात सांबलची चटणी वाढते, म्हणजे अगदीच टाकलेलं नाही.

लिक वागियोकडेही गेले. तो हत्तीगवत तोडत होता. विळा खाली ठेवला नाही, तेवढंच माझ्या जिवाला लागलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी पाणी घातलं हे मी मागच्याच वर्षी सभेत कबूल केलं. हात जोडले, माफी मिळाली. आता आणखी काय कबूल करू, आजीचे गुन्हे?"

मी म्हटलं, "तुम्ही फक्त तीन तारखा सांगा. घातलं होतं त्या."

त्याने आणखी चार मुठी गवत तोडलं. मग म्हणाला, "माझी एक गाय आटली होती. कॅन अर्धा दिसायचा, लाज वाटायची. पण खरं सांगू का, तुझ्या बुलिकचं, मार्सियेमचं नाव आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, तिच्यासारखी बाई घालते, तर मी कोण मोठा लागून गेलो? आता तू ते पण काढून घ्यायला आलीस." तारखा मात्र सांगितल्या, आणि माझ्याजवळच्या कागदाशी तंतोतंत जुळल्या. सभेला येतो की नाही ते सांगितलं नाही.

आता एक गोष्ट. ती पहिल्या पत्रात मी लपवली.

केबल निसटली ती 'गेल्या मंगळवारी' नाही. सप्टेंबरात. सातिनामची थट्टा, म्बाहचा टोला, माझं हसणं, सगळं खरं, फक्त महिना खोटा. तुमच्या तीन ओळी मी सप्टेंबरातच पाहिल्या. त्याच आठवड्यात स्क्रिप्ट दुरुस्त केली. गड्याचं बोलणं ऐकायला लावलं, दर माणसाआधी डबा घासायला लावला, गरम दुधाला थांबायला लावलं. आणि कुणाला काही बोलले नाही. ऑक्टोबरात दुसऱ्या संस्थांचे लोक आमची नोंदपद्धत बघायला येणार होते आणि मला नोंद विभागाची प्रमुख करायचं चाललं होतं. म्हटलं, ते उरकू दे, मग सांगू. ते उरकलं, मी प्रमुख झाले. मग म्हटलं, वर्ष संपू दे. चार महिने मी अळीमिळी गुपचिळी करून बसले, आणि तुम्ही तिकडे लांपुंगमध्ये मुलाच्या घरात दुसऱ्याच्या कोंबड्या राखत होतात.

हेही तक्रारीत लिहिलं आहे. आई ते वाचत होती तेव्हाच तिने चष्मा काढून पुसला.

पालुपी


कारांगपेदुत
२३ फेब्रुवारी

बुलिक,

काल सभा झाली. जसं घडलं तसं सांगते.

तक्रार वाचून झाल्यावर चेअरमनसाहेबांनी मला विचारलं, "हे सगळं तुम्हाला मान्य आहे?" मी म्हटलं, "मीच लिहिलंय." थोडी खसखस पिकली. मग मी उभी राहून समजावायला लागले. गडी, डबा, सगळं. पहिल्या दोन ओळींतले लोक मान हलवत होते, मागचे जांभया देत होते. एक जण म्हणाला, "कॉम्प्युटरवाल्यांचं बरं असतं, आज म्हणतात यंत्र खरं, उद्या म्हणतात डबा खोटा." मला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण गेल्या जुलैत याच जागी मीच तुम्हाला म्हणाले होते की यंत्र खोटं बोलत नाही.

तेवढ्यात म्बाह क्रोमोंनी माझ्या हातातला कागद मागितला. ते त्या चार आकड्यांवरून बोट फिरवत राहिले.

"हे शेवटचं काय? सव्वीस पॉइंट चार?"

"दुधाचं तापमान, म्बाह."

"कुणाच्या?"

"मार्सियेमच्या."

म्हातारा उठून उभा राहिला. "मार्सियेमचं दूध गोठ्यातून यंत्रापर्यंत अकरा पावलं येतं. बादलीतून वाफ निघते. मी रोज तिच्या मागे उभा राहायचो, माझे हात मी त्या बादलीवर शेकायचो. ते सव्वीस डिग्री कसं होईल? सव्वीस तर वागियोचं होतं, पाऊण तास थंडीतून चालत यायचं ते." मग तो सगळ्यांकडे वळला. "आपण दीडशे गाईवाले इथे बसलो होतो. आणि एकानेही हा चौथा आकडा वाचला नाही."

माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे झालं नाही ते त्या एका आकड्याने झालं. दूध काढणाऱ्याला दुधाची ऊब समजते. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मग लिक वागियो उठला. दाराजवळ उभा होता, मला दिसलाच नव्हता. त्याने तिन्ही तारखा सांगितल्या आणि म्हणाला, "ते पाणी माझंच. तीन दिवसांचं, दोघांच्या नावावरचं." आणि खाली बसला.

चेअरमनसाहेबांनी घाम पुसला. "ठीक आहे, आपण इबू मार्सियेमना माफी देऊ या. एकमताने. विषय संपला."

मी म्हटलं, "माफी नको."

"म्हणजे?"

"माफी चूक करणाऱ्याला देतात. ती गेल्या वर्षीही मिळत होती. नुसतं हो म्हणाल्या असत्या तर आजही त्यांचा गोठा भरलेला असता. त्यांनी केलंच नव्हतं म्हणून त्यांना हो म्हणता आलं नाही, आणि आपण त्यांना त्यासाठी काढलं. रजिस्टरमधल्या त्या तीन ओळी खोडा."

"रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही."

"मग खाली नवी ओळ लिहा. माझं नाव घालून."

कुणीतरी म्हणालं, एवढं ताणू नये. मी म्हटलं, मी ताणणार. तुमच्याकडूनच शिकले. शेवटी हात वर करून मत झालं. सहा जण सोडून सगळे. ओळ अशी आहे, मी शब्दशः उतरवते: 'सभासद क्रमांक ११४ मार्सियेम यांच्या दुधात पाणी आढळले नव्हते. पूर्वीच्या तीन नोंदी चुकीच्या आहेत. चूक नोंद विभागाच्या पालुपी यांची असून ती चार महिने लपवण्यात आली.' सचिवाने वाचून दाखवली, मी खाली सही केली.

तुमचं सभासदत्व परत आलं आहे. मी आता प्रमुख नाही, सहा महिने कॅन धुण्याच्या विभागात आहे. गरम पाण्याने हात सोलवटलेत, त्याबद्दल तक्रार नाही. आणि तुम्ही गेल्या जुलैत जी एकच गोष्ट मागितली होती, दुधातलं पाणी दाखवणारी जुनी काच, लॅक्टोमीटर, ती मी तेव्हा 'कपाटात ठेवलीय' म्हणून काढून दिली नव्हती. ती आजपासून यंत्राच्या शेजारी टेबलावर आहे. ज्याला यंत्राचा आकडा पटत नाही त्याने मागायची, मिळते. आज सकाळी चौघांनी मागितली.

जे करायचं ठरवलं होतं ते झालं. तुम्ही लिहा किंवा लिहू नका.

पालुपी


लांपुंग
६ मार्च

पालुपी,

चारही पत्रं मिळाली. जाळली नाहीत.

सभेचं तुझ्या आईने आधीच फोनवर सांगितलं. ती रडत होती. मी नाही रडले, मला भात लावायचा होता. म्बाहना सांग, माझ्या बादलीवर हात शेकत होते हे मला माहीत होतं, उगाच चोरून शेकायचे. वागियोवर माझा राग नाही. माणूस लबाड आहे, पण उठून बोलला.

यंत्राचं समजलं. डब्याचंही समजलं, चांगलं सांगितलंस. तू लपवलंस ते वाचून दोन दिवस पत्राला हात लावला नाही. मग लावला.

पण चार पत्रांत एक गोष्ट नाही. गेल्या जुलैत सभेच्या आदल्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात आलीस. "हो म्हणून टाका, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणालीस. मी तुला विचारलं, "पालुपी, तुला वाटतं मी पाणी घातलं?" तू म्हणालीस, "मला काय वाटतं त्याला महत्त्व नाही बुलिक, आकडा काय म्हणतो ते बघा."

मी आकड्याला विचारलं नव्हतं. दोन वर्षांची असल्यापासून माझ्या गाईचं दूध प्यायलेल्या पोरीला विचारलं होतं. यंत्राने काय केलं ते तू मला चार वेळा सांगितलंस. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

मार्सियेम


१३ मार्च
बसमध्ये

बुलिक,

हो. त्या दिवशी मला वाटलं होतं की तुम्ही पाणी घातलं.

क्षणभर नाही. त्या दिवशी वाटलं, तुमच्या गायी ट्रकमध्ये चढत होत्या तेव्हा वाटलं, सप्टेंबरपर्यंत वाटत राहिलं. तुमच्या दुधावर मी वाढले हे माहीत असून वाटलं. कारण आकडा मी काढलेला होता. तो खोटा ठरला असता तर मी खोटी ठरले असते. तुम्ही खोट्या ठरलात तर माझं काहीच जाणार नव्हतं. म्हणून मी तुम्हाला खोटं ठरवलं, आणि वर 'मला काय वाटतं त्याला महत्त्व नाही' म्हणाले, म्हणजे तोंडाने बोलावं लागू नये. चारही पत्रांत मी हेच टाळलं. चूक कबूल करणं मला जमलं. हे जमत नव्हतं.

ही सबब नाही. तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर आहे.

बस हलतेय म्हणून अक्षर वाकडं आलंय. हे पत्र टपालात टाकत नाही. संध्याकाळी मेराकहून फेरीबोट आहे, उद्या सकाळी मी तुमच्या दारात असेन. प्रानोतो पुढे आला तरी पत्र त्याच्याकडे देणार नाही. तुमच्या हातात देईन आणि तुमचं वाचून होईपर्यंत अंगणात उभी राहीन. आत बोलवायचं की नाही ते त्यानंतर ठरवा.

पालुपी